फॅनी लू हेमर : मतपेटीपासून डुकरांच्या बँकेपर्यंत

मार्च हा आपल्या चळवळीत स्मरणाचा महिना. 10 तारखेला सावित्रीमाईंचा स्मृतिदिन, 20 तारखेला महाड. या दोन तारखांच्या मध्ये 14 मार्च येतो आणि आपल्याकडे तो तसाच निघून जातो. 1977 साली या दिवशी अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, माउंड बायू नावाच्या छोट्या गावातल्या दवाखान्यात फॅनी लू हेमर यांचे निधन झाले. वय अवघे 59. ज्या गावात त्या गेल्या ते गावसुद्धा साधे नव्हते. गुलामीतून सुटलेल्या माणसांनी 1887 मध्ये स्वतःच्या हिमतीवर वसवलेले ते गाव.

हेमर यांचे नाव आपल्या तरुणांना अगदीच अपरिचित नाही. सोशल मीडियावर त्यांचा फोटो आणि खाली त्यांचे एखादे प्रसिद्ध वाक्य असलेली पोस्टर फिरत असतात. आम्ही या लेखात त्यांचे एकही वाक्य देणार नाही. त्यांची वाक्ये चांगलीच आहेत. पण त्या वाक्यांच्या उजेडात त्यांचे दुसरे काम झाकले गेले आहे. ते काम जमिनीचे, भाजीपाल्याचे, घरांचे आणि डुकरांचे होते. मताचा हक्क मिळाल्यावर पोटाचे काय, या प्रश्नाला त्यांनी उत्तर शोधले. ते काही काळ चालले आणि मग मोडले. चालले कसे आणि मोडले कशाने, हे दोन्ही आपल्या उपयोगाचे आहे, म्हणून हा लेख.

फॅनी लू टाउनसेंड यांचा जन्म 6 ऑक्टोबर 1917 चा. जेम्स ली आणि लू एला टाउनसेंड या शेतमजूर जोडप्याचे हे विसावे अपत्य, शेंडेफळ. ती दोन वर्षांची असताना कुटुंब सनफ्लॉवर काउंटीत आले. हा भाग मिसिसिपी डेल्टाचा. नदीच्या गाळाची जमीन, नजर पोचेल तिथपर्यंत कापूस, आणि तो वेचणारे सगळे काळे. वऱ्हाडातल्या, खानदेशातल्या वाचकाला कापूस वेचणीचे वेगळे सांगायला नको. बोंडाची टोके बोटांत कशी रुततात, हे आपल्या आयाबहिणींना ठाऊक आहे.

तिथली पद्धत अशी होती की जमीन मालकाची, बियाणे-अवजारे मालकाच्या दुकानातून उधार, कष्ट काळ्या कुटुंबाचे, आणि वर्षाअखेरीस पीक अर्धे-अर्धे. पण हिशेबाची वही मालकाकडे. त्यामुळे अर्ध्यातून उधारी वजा होता होता हाती काही उरायचे नाही, उलट पुढच्या वर्षावर कर्ज चढायचे. गुलामी 1865 मध्ये कायद्याने संपली होती, पण वही संपली नव्हती.

फॅनी लू सहा वर्षांची असताना मालकाने तिला रस्त्यात गाठले. आठवड्यात 30 पौंड, म्हणजे साधारण साडेतेरा किलो कापूस वेचलास तर माझ्या दुकानातला खाऊ देईन, अशी लालूच दाखवली. पोरीने वेचला. खाऊ मिळाला. पुढच्या आठवड्याला दुप्पट मागणी आली. त्या दिवसापासून ती मजूर झाली. तेराव्या वर्षापर्यंत ती दिवसाला 200 ते 300 पौंड वेचू लागली होती. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे पाय लंगडत होता, तरीही. शाळा असायची वर्षातून चार महिने, कापसाचे काम नसेल तेव्हा. सहा इयत्ता झाल्या आणि बाराव्या वर्षी शाळा सुटली. वाचनाची मात्र गोडी लागली होती.

एका वर्षी वडिलांना थोडे पैसे उरले. त्यांनी स्वतःची खेचरे घेतली, अवजारे घेतली, थोडी जमीन खंडाने घेतली. कुटुंब आता वर येणार, असे दिसू लागले. मग एका रात्री कुण्या गोऱ्याने खेचरांच्या दाण्यात पॅरिस ग्रीन नावाचे विषारी कीटकनाशक कालवले. जनावरे मेली. टाउनसेंड कुटुंब पुन्हा मालकाच्या वहीत गेले आणि नंतर कधी बाहेर आले नाही. आम्हाला ही घटना हेमर यांच्या आयुष्याची किल्ली वाटते. मारहाण, गोळीबार, तुरुंग हे पुढे त्यांच्या वाट्याला आलेच, पण दलितांच्या विहिरीत घाण टाकणारा आणि काळ्याच्या खेचराला विष घालणारा माणूस एकच गोष्ट ओळखून असतो : समोरच्याकडे स्वतःचे काही साधन आले की तो आपल्या हाताबाहेर जातो.

1944 मध्ये त्यांनी पेरी हेमर यांच्याशी लग्न केले. लोक पेरींना पॅप म्हणत. पॅप ट्रॅक्टर चालवत. रूलव्हिल गावाजवळच्या एका मळ्यावर दोघांनी पुढची 18 वर्षे काढली. फॅनी लू यांना लिहिता-वाचता येत होते म्हणून मालकाने त्यांच्याकडे मजुरांची हजेरी आणि कापसाच्या वजनाची नोंद दिली. काट्याला मालकाचे वजन खोटे असायचे. मालक आसपास नसला की फॅनी लू स्वतःजवळचे खरे वजन काट्याला लावत आणि वेचणाऱ्याला त्याच्या कष्टाचे पुरते माप मिळे. चळवळ हा शब्द त्यांच्या आयुष्यात यायला अजून वेळ होता, पण कामाला सुरुवात इथेच झाली, असे आम्ही मानतो.

1961 मध्ये पोटातल्या गाठीच्या शस्त्रक्रियेसाठी त्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरने न विचारता त्यांचे गर्भाशय काढून टाकले. हे त्यांना डॉक्टरकडून कळले नाही, मळ्यावरच्या कुजबुजीतून कळले. डेल्टातल्या गरीब काळ्या बायकांच्या बाबतीत हे इतके सर्रास चालायचे की लोकांनी त्याला एक कडवट टोपणनावच देऊन टाकले होते. हेमर दांपत्याने दोन मुली सांभाळायला घेतल्या होत्या. त्याच त्यांच्या लेकी.

ऑगस्ट 1962 मध्ये रूलव्हिलच्या विल्यम्स चॅपल या चर्चमध्ये सभा झाली. सभा घेणारे कार्यकर्ते विद्यार्थ्यांच्या संघटनेचे होते, तिला लोक थोडक्यात स्निक म्हणत. काळ्या माणसालाही मत देता येते, हे हेमर यांनी त्या रात्री पहिल्यांदा ऐकले. त्या 44 वर्षांच्या होत्या. सनफ्लॉवर काउंटीत काळे बहुसंख्य होते आणि मतदारयादीत मात्र नावालाच. 1954 साली शाळांमधला वर्णभेद संपवण्याचा निकाल आल्यावर गोऱ्यांनी त्याविरुद्ध पहिली सिटिझन्स कौन्सिल काढली, ती याच काउंटीतल्या इंडियानोलात. अशा ठिकाणी मतदार म्हणून नाव घालायला कोण येणार, असे विचारल्यावर हेमर यांनी हात वर केला.

31 ऑगस्टला 18 जण बसने इंडियानोलाला गेले. नोंदणी अधिकाऱ्याने राज्यघटनेतले एक कायदेशीर कलम समोर ठेवून अर्थ लिहायला सांगितला. सहा इयत्ता शिकलेल्या बाईला तो जमला नाही. अनेक गोऱ्या वकिलांनाही जमला नसता, पण त्यांना कुणी विचारत नव्हते. परतताना पोलिसांनी बस अडवली. आरोप काय, तर बसचा रंग जास्त पिवळा आहे. लोक घाबरले तेव्हा मागच्या बाकावरून गाण्याचा आवाज आला. तो हेमर यांचा होता. आपल्याकडे जलशांनी जे केले ते तिथे चर्चच्या गाण्यांनी केले, एवढेच इथे सांगून पुढे जातो.

घरी पोचतात तोच मालक दारात. अर्ज मागे घे, नाहीतर मळा सोड. 18 वर्षे राबलेल्या जागेवरून त्या त्याच रात्री निघाल्या. पॅप यांना मात्र वेचणी संपेपर्यंत थांबावे लागले, नाहीतर घरातले सामान मालकाने ठेवून घेतले असते. काही दिवसांनी, 10 सप्टेंबरला, त्या ज्या घरी आसऱ्याला होत्या त्या घरावर गोळ्या झाडल्या गेल्या. जानेवारी 1963 मध्ये त्या परीक्षा उत्तीर्ण झाल्या. तरी मत देता आले नाही, कारण मतदानाचा वेगळा कर होता आणि त्याच्या दोन पावत्या हव्या होत्या.

याच हिवाळ्यात एक गोष्ट घडली, तिच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. डेल्टात हिवाळ्यात काम नसते. केंद्र सरकारकडून येणारे जादा धान्य, पीठ, चीज यांवर गरीब कुटुंबे थंडी काढत. काळे लोक नोंदणीला जाऊ लागताच तिथल्या काउंटी प्रशासनांनी हे वाटपच थांबवायला सुरुवात केली. मत मागता, तर उपाशी राहा. स्निकने उत्तरेकडून अन्न आणि कपड्यांच्या गाड्या मागवल्या आणि रूलव्हिलमध्ये वाटप हेमर यांनी हाती घेतले. अन्न घ्यायला आलेल्या बायकांना त्या आधी नोंदणीचे विचारत. काही जणांना हे बरे वाटत नसे. पण अन्न हे शत्रूचे हत्यार असेल तर ते आपल्याही हातात हवे, हा धडा त्यांनी तिथे घेतला.

9 जून 1963 ला दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटनहून कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण आटोपून परतताना विनोना गावच्या बसस्थानकावर त्यांना व साथीदारांना अटक झाली. कोठडीत पोलिसांनी दोन काळ्या कैद्यांना हाती चामड्याचे जड दांडके देऊन हेमर यांना मारायला लावले. मूत्रपिंड कायमचे दुखावले, एका डोळ्यात रक्त साकळले, लंगडणे वाढले. काळ्याच्याच हाताने काळ्या बाईला मारण्याची ही युक्ती आपल्याला नवीन नाही. पोलिसांवर खटला झाला, गोऱ्या पंचांनी त्यांना निर्दोष सोडले.

1964 ची अटलांटिक सिटीची कथा सर्वांत जास्त सांगितली जाते, म्हणून आम्ही थोडक्यात सांगतो. मिसिसिपीत तेव्हा शंभरातल्या सात काळ्यांचेही नाव यादीत नव्हते. डेमोक्रॅटिक पक्षाचे तिथले प्रतिनिधी मंडळ पूर्ण गोरे. हेमर आणि इतरांनी मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टी काढली आणि पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात खऱ्या जागांवर दावा सांगितला. 22 ऑगस्टला हेमर यांची साक्ष टीव्हीवर चालू असताना राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी घाईने पत्रकार परिषद बोलावली, म्हणजे कॅमेरे तिकडे वळावेत. वळले. पण रात्रीच्या बातम्यांत वाहिन्यांनी साक्ष दाखवलीच आणि साऱ्या देशाने ती पाहिली. मग तडजोड पुढे आली : दोन जागा घ्या आणि गप्प बसा. मोठमोठे नेते ती घ्यायला सांगत होते. कापूस वेचणाऱ्या बाईने नकार दिला. आपल्याकडे त्याच वर्षाच्या डिसेंबरात दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला आणि लाखो माणसे तुरुंगात गेली. दोघांना एकमेकांची खबर असेल असे नाही. पण मतपेटी आणि सातबारा हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, हे दोघांनाही कळले होते.

1965 मध्ये मतदान हक्काचा कायदा झाला. आता खरी अडचण सुरू झाली. मळेवाल्यांनी कापूस वेचायची यंत्रे आणि तणनाशके आणली. जो काळा मजूर आता मत देऊ शकत होता, त्याची शेतावर गरजच उरली नाही. हजारो कुटुंबे बेकार झाली. बरीचशी शिकागो, डेट्रॉइटकडे निघून गेली. गोऱ्या राजकारण्यांना तेच हवे होते : काळे निघून गेले की काळी मतेही जातील. त्याच सनफ्लॉवर काउंटीत सिनेटर जेम्स ईस्टलंड यांची हजारो एकरांची शेती होती आणि पीक न घेतल्याबद्दल सरकारकडून त्यांना भरघोस अनुदान मिळत होते. शेजारी मुले कुपोषणाने सुकत होती. 1967 मध्ये हेमर यांची थोरली लेक डोरोथी आजारी पडली. कुपोषणाने आधीच खंगलेली, त्यात रक्तस्राव. जवळच्या दवाखान्यांनी घेतले नाही, दूर मेम्फिसला नेताना ती गेली. मागे दोन लहान मुली राहिल्या. पन्नाशीला आलेल्या आजी-आजोबांनी त्यांना पोटाशी धरले.

एवढे सगळे झाल्यावर त्या या निष्कर्षाला आल्या की ज्याच्या घरात खायला नाही त्याला मालक उठवू शकतो, सरकार झुकवू शकते आणि पुढारी विकत घेऊ शकतो. म्हणून आधी घरात खायला हवे, आणि ते कुणाच्या मेहेरबानीचे नको.

1968 मध्ये डोरोथी हाइट यांच्या नेतृत्वाखालच्या नॅशनल कौन्सिल ऑफ निग्रो विमेन या काळ्या स्त्रियांच्या संघटनेने काही डझन डुकरे दिली. बहुतेक माद्या, थोडे नर. त्यांतून डुकरांची बँक सुरू झाली. कुटुंबाला मादी सांभाळायला मिळायची. ती व्यायली की पिल्ले कुटुंबाची, त्यांतली ठरलेली काही पिल्ले मात्र दुसऱ्या गरजू घराला द्यायची. तेच कर्ज, तेच व्याज, तीच परतफेड. ना जामीन, ना अंगठा, ना वही. डेल्टातल्या माणसाला हिवाळ्यासाठी खारवलेले मांस म्हणजे काय, ते पोट रिकामे असल्याशिवाय कळणार नाही. काही वर्षांतच शेकडो घरांत मांस आले आणि बँकेच्या डुकरांची गणती हजारांवर गेली.

इथे आमच्यातले काही जण नाक मुरडतील. कुणी पंचशीलाचा प्रश्न काढील, कुणाला डुक्कर हा प्राणीच नको वाटेल. पहिला प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्यावर आपल्यात चर्चा व्हावी. दुसऱ्याचे मूळ मात्र आपण तपासले पाहिजे. डुकराशी ज्यांचे नाव जातीने जोडले गेले त्यांच्याकडे पाहण्याची सवर्ण नजर आपल्याही डोळ्यांत कधी शिरते, ते कळत नाही. हेमर यांच्या समोर जी माणसे होती त्यांना जे खाणे ठाऊक होते, जे पाळता येत होते, जे वर्षभरात वाढत होते, ते त्यांनी निवडले.

1969 मध्ये त्यांनी 40 एकर जमीन घेतली आणि फ्रीडम फार्म ही सहकारी शेती सुरू केली. 40 एकर हा आकडा तिथल्या माणसाला आपोआप कळतो. गुलामी संपताना सुटलेल्या माणसांना 40 एकर देण्याचे जे आश्वासन दिले गेले आणि मागे घेतले गेले, तोच हा आकडा. पैसे हेमर यांच्या भाषणांचे, गायक हॅरी बेलाफाँटे यांनी मिळवून दिलेले आणि विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनमधल्या मेझर फॉर मेझर या मदतगटाचे. 1971 मध्ये आणखी 640 एकर घेतली. वर्गणी महिन्याला एक डॉलर. ती जेमतेम 30 कुटुंबांना परवडत होती. नावाने जोडलेली कुटुंबे दीड हजार. म्हणून वर्गणी न भरणाऱ्याला हाकलायचे नाही, असे ठरले. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने काम करावे आणि भाजी न्यावी. काम होत नसेल त्या म्हाताऱ्या माणसाला, आजाऱ्याला तशीच द्यावी. भेंडी, काकडी, चवळी, रताळी, मका, पालेभाज्या. गरीब गोरी कुटुंबे आली तर त्यांनाही नाही म्हटले नाही. जमिनीचे हप्ते भरण्यासाठी सोयाबीन आणि कापूस.

शेतीपुरते ते थांबले नाही. मळ्यावरून उठवलेल्या माणसाकडे घर नसते, म्हणून सरकारी गृहकर्जाचे अर्ज भरून सुमारे 70 घरे उभी केली. ज्यांनी आयुष्यभर मालकाच्या फळकुटांच्या खोपटात पावसाचे पाणी झेलले, त्यांच्या घरात नळ आणि संडास आला. मुलांना शिष्यवृत्ती, बायकांना शिवणकाम, बालवाडी, अडीनडीला मदत. सगळे एका संस्थेच्या अंगावर.

हे काही आकाशातून पडले नव्हते. काळ्या अमेरिकेत सहकाराची परंपरा जुनी आहे. मयतीच्या खर्चासाठी पैसे एकत्र करणाऱ्या भिशीसारख्या मंडळ्यांपासून ती सुरू होते. 1946 मध्ये बाबासाहेबांनी ज्यांना पत्र लिहिले, त्या डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी 1907 मध्येच काळ्यांच्या आर्थिक सहकाराचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. एला बेकर, ज्यांनी पुढे स्निक उभी राहायला मदत केली, त्या 1930 च्या सुमारास तरुण काळ्यांच्या सहकारी संघाचे काम करत होत्या. म्हणजे हेमर यांना 1962 मध्ये ज्या संघटनेने उभे केले तिच्या मुळाशीच सहकार शिकलेली एक बाई होती. बाबासाहेबांनी 1947 च्या स्टेट्स अँड मायनॉरिटीजमध्ये सामुदायिक शेती मांडली, पण ती राज्याच्या मालकीच्या जमिनीवर, राज्याच्या भांडवलावर. कारण गावाच्या हाती दिली तर गाव तिचे काय करील, हे त्यांना माहीत होते. हेमर यांच्यापुढे राज्य म्हणजे मिसिसिपी. तिथे राज्याकडे जमीन मागणे म्हणजे खेचरात विष घालणाऱ्याकडे दाणा मागणे. दोन्ही मांडण्या आपापल्या अनुभवातून आल्या. आमचे मत विचाराल तर बाबासाहेबांची मांडणी जास्त टिकाऊ आहे, आणि फ्रीडम फार्मचा शेवट त्याचाच पुरावा आहे.

स्त्रीप्रश्नावर त्यांची जागा कुठल्याच चौकटीत बसत नाही. 1971 मध्ये नॅशनल विमेन्स पोलिटिकल कॉकस स्थापन करणाऱ्यांत त्या होत्या. पण मध्यमवर्गीय गोऱ्या स्त्रियांच्या मुक्तीच्या भाषेशी त्यांचे जुळले नाही. आपल्या पुरुषापासून सुटका हा काळ्या बाईचा पहिला प्रश्न नाही, दोघांनाही जखडणारी व्यवस्था हा प्रश्न आहे, असे त्यांचे म्हणणे. आणि ज्या गोऱ्या बाईला आज पिंजरा जाणवतो आहे, तिचा संसार काळ्या बाईने तिची मुले सांभाळून, स्वयंपाक करून उभा केला, याची आठवण त्या करून देत. गर्भपाताला त्यांचा कडाडून विरोध होता. आम्हाला ही भूमिका पटत नाही. पण जिचे गर्भाशय न विचारता काढले गेले, ती बाई काळ्यांची संख्या कमी करण्याच्या प्रत्येक उपायाकडे संशयाने बघत होती, हे विसरून तिच्यावर टीका करणे सोपे आहे. त्यांच्या निधनानंतर महिन्याभरात बोस्टनच्या कोंबाही रिव्हर कलेक्टिव्हने आपले निवेदन तयार केले. जात-वर्ग-स्त्रीप्रश्न एकत्र विणलेला असतो, असे आज आपण ज्या भाषेत बोलतो, त्या भाषेचा एक झरा तिथला. हेमर यांनी ती भाषा वापरली नाही. त्यांनी काकडीच्या वाफ्यात ती जगून दाखवली.

आता मोडले कसे ते. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला एकामागून एक पूर आणि अवर्षण आले. नगदी पीक बुडाले की हप्ता बुडाला. उत्तरेतले देणगीदार हळूहळू दुसऱ्या विषयांकडे वळले. देणगीदारांचे असेच असते, त्यांच्यावर रागावून उपयोग नाही. शेतीचे व्यवस्थापन जाणणारी माणसे थोडी होती, आणि व्यवस्थापक जो हॅरिस 1974 मध्ये अचानक वारले. पण या सगळ्यापेक्षा मोठे कारण आम्हाला वेगळे दिसते. संस्थेचे भांडवल म्हणजे हेमर यांचा आवाज. पैसे संपले की त्या आजारी अंगाने गाडीत बसायच्या, हजार मैलांवर जाऊन भाषण द्यायच्या, मानधन आणून शेतीत घालायच्या. रक्तदाब, मूत्रपिंड, पुढे कर्करोग. आवाज बसला आणि शेतीही बसली. लोकांच्या मालकीची संस्था एका बाईच्या शरीरावर उभी होती. 1972 मध्ये त्यांना मानसिक आणि शारीरिक थकव्याने दवाखान्यात ठेवावे लागले. कुणी हे काम त्यांच्या हातून घेतले नाही, आणि घ्यायला तयार माणूस घडवायला त्यांनाही उसंत मिळाली नाही.

यात आपल्याला आपले ओळखीचे काही दिसत नाही का? एका ताईच्या सहीवर चालणारा बचत गट, एका सरांच्या ओळखीवर चालणारे वसतिगृह, एका भाऊंच्या पगारावर चालणारे वाचनालय. ती ताई आजारी पडते तेव्हा गटाची वही कुणाकडे असते, हा प्रश्न या महिन्याच्या बैठकीत विचारायला हरकत नाही.

शिवाय एक गोष्ट न विसरता सांगायला हवी. शेती एकटी बुडाली नाही. कायद्यात मताचा हक्क देणाऱ्या सरकारने जमीन, कर्ज आणि हवामानाच्या विम्याच्या बाबतीत काळ्या शेतकऱ्याला एकटे सोडले. त्याच सरकारने ईस्टलंड यांच्या शेतीला अनुदान दिले. तोटा दोघांना होत होता, फरक इतकाच की एकाचा तोटा सरकार भरून देत होते. म्हणून फ्रीडम फार्मला नुसते अपयश म्हणणे आम्हाला मान्य नाही. दीड हजार घरांत ऐन उपासमारीच्या वर्षांत भाजी गेली, डुकराचे मांस गेले, 70 कुटुंबांच्या डोक्यावर छप्पर आले आणि शिकागोला निघून जाणारी काही माणसे सनफ्लॉवर काउंटीतच मतदार म्हणून राहिली. जमीन गेल्यावरही ही घरे राहिली.

1976 मध्ये त्यांच्यावर कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षी थकलेल्या करापोटी फ्रीडम फार्मची जवळजवळ सगळी जमीन गेली. पुढच्या मार्चमध्ये हेमर गेल्या. विल्यम्स चॅपलमध्ये, जिथे 1962 मध्ये त्यांनी हात वर केला होता, तिथे अंत्यविधी झाला. चर्च पुरले नाही म्हणून जवळच्या शाळेत दुसरी सभा भरवावी लागली आणि तिथे दीड हजारांवर लोक जमले. संयुक्त राष्ट्रांतले अमेरिकेचे राजदूत अँड्र्यू यंग बोलायला आले होते. 2012 मध्ये रूलव्हिलमध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला, 2025 मध्ये मरणोत्तर राष्ट्रीय सन्मानही मिळाला. फ्रीडम फार्मच्या जमिनीतला एक लहान तुकडा करात गेला नव्हता. त्यांना तिथेच पुरले.